तेल न मागणारा आवाज

घरातली एखादी वस्तू आवाज करायला लागली की तिला तेल द्यावं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. दाराची बिजागरी कुरकुरली, दोन थेंब तेल. पाळण्याची कडी करकरली, दोन थेंब तेल. शिवणयंत्र जड चालायला लागलं, तेल. हा नियम आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, त्याला अपवाद असलेली एक वस्तू रोज आपल्या दारात उभी असते याचा विसर पडतो. ती वस्तू म्हणजे सायकल आणि अपवाद म्हणजे तिचा ब्रेक.

ब्रेक दाबला की काही सायकली अशा किंचाळतात की रस्त्यावरची माणसं वळून बघतात. शाळकरी पोरांना त्याची लाज वाटते, मोठ्यांना वैताग येतो. मग कुणीतरी तेलाची कुपी आणतं, ब्रेकच्या रबरावर चार थेंब सोडतं, आणि किंचाळणं खरोखरच थांबतं. सगळा घोटाळा इथेच आहे. तेल घालूनही आवाज राहिला असता तर माणसानं दुसरा उपाय शोधला असता. आवाज थांबतो, म्हणून औषध लागू पडलं असं वाटतं. प्रत्यक्षात आवाजाबरोबर ब्रेकही गेलेला असतो, आणि ते कळतं थेट उतारावर.

तेव्हा आज थोडं या आवाजाविषयी बोलू. तो येतो कुठून, सांगतो काय, आणि त्याला शांत करायची योग्य रीत कोणती? मी कवितेच्या वाटेनं आलेला माणूस. बी.ए. झालो तेही भाषा विषय घेऊन. यंत्राशी माझा संबंध सायकलपुरता. पण तो कॉलेजच्या दिवसांपासून आजतागायत तुटलेला नाही. मिरजेच्या रस्त्यांवर आधी वडिलांची काळी, उंच सायकल चालवली. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हापासून त्याची जाड टायरची, गिअरची सायकल माझ्याकडे आहे. या सायकलीला कँटिलिव्हर ब्रेक आहेत. किंचाळण्याच्या बाबतीत सगळ्या ब्रेकांमध्ये यांचा नंबर बराच वरचा.

कँटिलिव्हर हा शब्द ऐकायला जड आहे, पण वस्तू डोळ्यांसमोर आणायला सोपी आहे. घराची गॅलरी आठवा. तिचं एक टोक भिंतीत, दुसरं हवेत. अशा एकाच टोकाला आधार असलेल्या रचनेला कँटिलिव्हर म्हणतात. या ब्रेकमध्ये पुढच्या चाकाच्या चिमट्याच्या दोन्ही पायांवर एकेक खुंटी पक्की जोडलेली असते. प्रत्येक खुंटीवर एक भुजा फिरते. दोन भुजा, त्यांच्यावर बसवलेले दोन रबर आणि मध्ये चाकाची रिम. दोन्ही भुजांना जोडणारी एक छोटी तार टायरच्या वरून जाते. तिला आपण जोडतार म्हणू. हँडलवरून आलेली मुख्य वायर या जोडतारेला मधोमध धरून वर ओढते. भुजा आत वळतात आणि रबर रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडतात.

वडिलांच्या काळ्या सायकलीवर वायरच नव्हती. तिथे लोखंडी सळ्या होत्या आणि रबर रिमला आतून, म्हणजे ताऱ्यांच्या बाजूनं वर ओढले जायचे. कँटिलिव्हरचं वेगळेपण असं की मधली जागा मोकळी राहते. जाड टायर, मडगार्ड, चिखल सगळ्याला वाव मिळतो. म्हणूनच लांब पल्ल्याच्या आणि दोघांनी मिळून चालवायच्या सायकलींना हे ब्रेक लावत. फ्रान्समधल्या माफाक कंपनीचे असे ब्रेक प्रसिद्ध होते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये डोंगरावर चालवायच्या सायकली तयार होऊ लागल्या तेव्हा त्यांनाही हेच ब्रेक बसवले गेले. १९९६च्या सुमारास जपानच्या शिमानो कंपनीनं उंच भुजांचा व्ही ब्रेक आणला आणि कँटिलिव्हरचं राज्य ओसरू लागलं. चिखलातून धावायच्या सायक्लोक्रॉस शर्यतींत ते टिकून होते. तिथेही आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१० साली डिस्क ब्रेकला परवानगी दिली. तरी जुन्या सायकलींवर हे ब्रेक अजून भरपूर आहेत. आणि व्ही ब्रेक त्यांचाच धाकटा भाऊ असल्यामुळे पुढे सांगणार आहे त्यातलं बहुतेक सगळं त्यालाही लागू आहे.

आता आवाजाकडे येऊ. फरशीवरून जड कपाट सरकवून पाहिलंय कधी? आधी ते हलतच नाही. जोर वाढवावा लागतो. मग एकदम सुटतं, चार बोटं सरकतं आणि पुन्हा अडतं. याचं कारण असं की थांबलेल्या वस्तूला हलवायला जेवढा जोर लागतो, त्यापेक्षा हललेल्या वस्तूला सरकवत ठेवायला कमी लागतो. त्यामुळे अडकणं आणि सुटणं, पुन्हा अडकणं आणि सुटणं असा खेळ सुरू होतो. कपाटाच्या बाबतीत तो सेकंदाला दोन-चार वेळा होतो आणि आपल्याला धक्के जाणवतात. ब्रेकचं रबर हाच खेळ सेकंदाला शेकडो, हजारो वेळा खेळतं. रिम रबराला धरून पुढे ओढते, भुजा किंचित वाकते, रबर सुटतं, भुजा परत येते, रिम पुन्हा धरते. इतक्या वेगानं झालेली थरथर आपल्याला धक्का म्हणून जाणवत नाही, ती आवाज म्हणून ऐकू येते. माणसाचा कान सेकंदाला दोन ते पाच हजार कंपनांच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतो. ब्रेकची किंकाळी पुष्कळदा त्याच पट्ट्यात येते, म्हणून ती इतकी टोचते.

याच अडकण्या-सुटण्यातून जगातले काही अत्यंत गोड आवाजही निर्माण होतात. सारंगीचा गज आठवा. गजाच्या केसांना राळ घासतात ती कशासाठी? केसांनी तार धरावी, सोडावी, पुन्हा धरावी यासाठी. पकड असेल तरच सूर. त्या गजाला तेल लावलं तर काय होईल? गज तारेवरून नुसता घसरेल आणि सारंगी मुकी होईल. ती मुकी झाली म्हणजे शांत झाली, असं कुणी म्हणणार नाही. तिची पकड गेली, असंच म्हणावं लागेल.

ब्रेकचं अगदी तसंच आहे. बिजागरीचं काम फिरणं आहे, घर्षण हा तिचा शत्रू. ब्रेकचं काम धरणं आहे, घर्षण हेच त्याचं सर्वस्व. एकाच तऱ्हेच्या कुरकुरीला दोन ठिकाणी दोन उलट अर्थ आहेत.

हा फरक न कळल्याची किंमत आमच्या शेजारच्या घरानं मोजली आहे. नववीतला मुलगा, नवी-जुनी कशी का होईना पण स्वतःची सायकल मिळाल्याच्या आनंदात होता. पुढचा ब्रेक फार ओरडायचा आणि वर्गातली मुलं हसायची. त्याच्या आजोबांनी आयुष्यभर शिंपीकाम केलेलं. यंत्राच्या तेलाची कुपी त्यांच्या हाताशी कायमची. नातवाची अडचण ऐकून त्यांनी मायेनं दोन्ही रबरांवर तेल सोडलं आणि फडक्यानं रिमवरही फिरवलं. किंकाळी थांबली. पोरगं खूश. संध्याकाळी तो रेल्वेच्या उड्डाणपुलाच्या उतारावरून खाली येत असताना पुढे एक हातगाडी आडवी वळली. त्यानं जीव खाऊन ब्रेक दाबला. चाक फिरतच राहिलं. गळ्याजवळचं हाड मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात बांधून काढावे लागले. डोक्यावर निभावलं नाही, ही अल्लाची मेहेरबानी. पोरगा बरा झाला. आजोबा मात्र कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारत होते, ‘‘पण आवाज तर बंद झाला होता ना?’’

त्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यासारख्या प्रत्येकाला आधीच माहीत असायला हवं, म्हणून आता जरा तपशिलात जातो.

आमच्या मोहल्ल्यात एक म्हातारे सायकल मिस्त्री आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांचा एक नियम आहे, ‘पैले कपडा, फिर पाना.’ म्हणजे आधी फडकं, मग पाना. ब्रेक ओरडतो म्हटलं की आपण लगेच नट पिळायला जातो. पण निम्म्या वेळा दुखणं नुसतं मळाचं असतं. रिमवर रस्त्याचं डांबर, चेनचं उडालेलं तेल, हौसेनं मारलेलं पॉलिश, जुन्या रबराचा काळा थर असं काही ना काही बसलेलं असतं. जिथे थर आहे तिथे रबर घसरतं, जिथे नाही तिथे धरतं, आणि थरथर सुरू होते.

पहिली पायरी म्हणून रिमच्या दोन्ही कडा भांडी घासायच्या साबणानं आणि पाण्यानं धुवाव्यात. वाळल्यावर स्वच्छ फडक्यावर स्पिरिट घेऊन पुसाव्यात. औषधाच्या दुकानात मिळतं ते साधं स्पिरिट चालतं. फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत पुसायचं. रॉकेल मात्र इथे वापरू नये. आपल्याकडे सायकलचं सगळं रॉकेलनं धुवायची पद्धत आहे आणि चेनसाठी ती ठीकही आहे. पण रॉकेल उडून गेल्यावर मागे तेलकट पापुद्रा राहतो, आणि रिमवर तो नेमका नको असतो.

दुसरी पायरी रबरांची. ते काढून त्यांचा रिमला लागणारा चेहरा बघायचा. तो आरशासारखा चकचकीत झाला असेल तर रबर कडक पडलं आहे. आंबा घाटासारख्या लांब उतारावर सतत ब्रेक धरून उतरलं की रबर तापतं आणि असा चकाकता थर येतो. पॉलिश पेपर सपाट फरशीवर ठेवून त्यावर रबर घासावं, चकाकी जाऊन मंद काळा रंग दिसेपर्यंत. रबरात रुतलेले ॲल्युमिनियमचे चमचमते कण आणि खडे टाचणीनं टोकरून काढावेत. ते रिमला कानशीसारखे खातात. रबरावरच्या खाचा झिजून दिसेनाशा झाल्या असतील, किंवा नख रुतू नये इतकं ते टणक झालं असेल, तर नवे रबर घ्यावेत. तेल प्यालेल्या रबराला तर वाचवायच्या फंदात पडूच नये. वरचं पुसलं तरी आतलं तेल तापल्यावर पुन्हा बाहेर येतं. रबरांची जोडी स्वस्त असते, हाड महाग असतं.

तिसरी पायरी ढिलाईची. सैल बसलेली कुठलीही गोष्ट थरथरते. भुजा बोटांत धरून पुढे-मागे हलवून बघा. खुंटीवर ती वर-खाली सहज फिरली पाहिजे, पण पुढे-मागे डुगडुगता कामा नये. मग पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल जागच्या जागी पुढे-मागे ढकला. हँडलच्या खालच्या कपात खटखट जाणवली तर तिथले छरे आणि कोन बघायला हवेत. चाक हातानं डावी-उजवीकडे हलवा. हललं तर हबचे कोन सैल आहेत.

तेलाची हौस पुरवायला एक जागा आहे, तीही सांगून टाकतो. भुजा ज्या खुंटीवर फिरते, ती खुंटी म्हणजे बिजागरीच आहे. भुजा काढून खुंटी पुसून तिला ग्रीसचा पातळ हात द्यावा आणि बाहेर आलेलं ग्रीस फडक्यानं टिपून घ्यावं. वायरच्या आवरणातही थेंबभर तेल चालतं. म्हणजे ब्रेकला तेल वर्ज्य आहे असं नाही. फिरतं तिथे द्यावं, धरतं तिथे देऊ नये. एवढं एकच वाक्य लक्षात ठेवलं तरी आजच्या बोलण्याचं सार हाती लागलं.

हे तिन्ही करून आवाज राहिला तर मग पाना. आणि इथे खरी नजाकत आहे.

फळ्यावर लिहिणाऱ्या गुरुजींचा खडू आठवा. खडू एका विशिष्ट कोनात फळ्याला टेकला की अंगावर काटा आणणारा आवाज यायचा. अनुभवी गुरुजी खडू जरा कलता करायचे आणि आवाज जायचा. खडू तोच, फळा तोच, हातही तोच. बदलला फक्त कोन. ब्रेकच्या रबराचंही तेच आहे.

सायकल पुढे जात असते तेव्हा ब्रेकजवळची रिमसुद्धा पुढेच धावत असते. ब्रेक दाबला की ती रबराला आपल्याबरोबर पुढे ओढते. भुजा, तिच्यातून बाहेर आलेली रबराची दांडी, चिमट्याचा पाय हे सगळं त्या ओढीनं किंचित पिळतं. त्या पिळानं रबराचं पुढचं टोक रिमपासून दूर जायला बघतं आणि मागचं टोक रिममध्ये रुततं. मागच्या टोकावर उभं राहिलेलं रबर म्हणजे फळ्यावर चुकीच्या कोनात टेकलेला खडू. ते धरतं, सुटतं, धरतं, सुटतं आणि किंचाळतं. कँटिलिव्हरमध्ये चिमट्याचे पाय एकेकटे पिळतात आणि जुन्या धाटणीत रबर लांब दांडीच्या टोकावर असतं. म्हणून ही खोड त्याला जास्त.

यावर उपाय म्हणजे पिळण्याची भरपाई आधीच करून ठेवायची. रबर असं बसवायचं की त्याचं पुढचं टोक रिमला आधी टेकेल आणि मागच्या टोकाशी साधारण एक मिलिमीटरची फट राहील. मग ब्रेक जोरात दाबल्यावर पिळ बसतो, मागचं टोकही टेकतं आणि रबर पूर्ण लांबीनं सपाट लागतं.

हे मोजायला उपकरण लागत नाही. पोस्टकार्डाचा तुकडा घ्यावा, दुहेरी-तिहेरी घडी घालावी आणि रबराच्या मागच्या टोकाखाली, रबर आणि रिम यांच्यामध्ये धरावा. रबराचा नट सैल करावा. दुसऱ्या कुणालातरी ब्रेक हलकासा दाबून धरायला सांगावं, म्हणजे रबर रिमवर आपोआप त्या तिरकसपणे बसतं. तसंच धरून नट घट्ट करावा. बहुतेक ब्रेकना पाच मिलिमीटरची ॲलन की लागते. जुन्या प्रकारात मागच्या बाजूला दहाचा पाना धरावा लागतो, कारण नट आवळताना रबर स्वतःभोवती फिरून सगळी मेहनत फुकट घालवतं. त्याला एका हातानं दाबून धरायचं आणि दुसऱ्या हातानं आवळायचं. मग कागद काढायचा. पुढचं टोक कोणतं, याचा गोंधळ करू नका. सायकल ज्या दिशेनं जाते ती दिशा पुढची, पुढच्या चाकालाही आणि मागच्या चाकालाही.

आमची मिरज तंबोऱ्यांचं गाव. इथले कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात तेव्हा घोडीच्या माथ्याला कानशीनं जो उतार देतात, तो नवख्या डोळ्याला दिसतही नाही. पण त्या केसभर उतारानं तार बोलायला लागते. ब्रेकचा हा तिरकसपणा तेवढ्याच मापाचा कारभार आहे. तिथे उतारानं आवाज खुलतो, इथे मिटतो, एवढाच फरक. फट फार ठेवली तर ब्रेक लिबलिबीत लागतो आणि रबर एकाच टोकाला झिजतं. म्हणून थोडं करावं, चालवून बघावं, पुन्हा थोडं करावं.

रबर बसवताना उंचीही बघायला हवी. ते टायरला लागता कामा नये, नाहीतर टायरची बाजू कापली जाते. आणि रिमच्या खालच्या कडेशीही नको. खुंटी रिमच्या खाली असल्यामुळे रबर झिजत जाईल तशी भुजा अधिक आत वळते आणि रबर खाली खाली सरकतं. एक दिवस ते रिमखालून निसटून ताऱ्यांत घुसू शकतं. म्हणून मधूनमधून वाकून नजर टाकावी.

किंकाळीचा एक चुलतभाऊ आहे, त्याला तिच्यात धरू नये. कधी कधी पुढचा ब्रेक दाबल्यावर बारीक आवाज येत नाही, पण अख्खा चिमटा गदागदा हलतो, हँडल हातात थरथरतं. इथे अपराधी रबर नसतं. मुख्य वायरचं आवरण वर हँडलच्या मुळाशी थांबतं आणि ब्रेक खाली चिमट्यावर असतो. ब्रेक लागला की चिमटा मागे वाकतो, मधलं अंतर वाढतं, वायर आणखी ताणली जाते, ब्रेक आणखी आवळतो, चाक अडखळतं, चिमटा परत येतो, आणि पुन्हा तेच. यावर उपाय म्हणजे वायरचा थांबा चिमट्याच्याच माथ्यावर बसवणं. मग चिमटा वाकला तरी थांबा त्याच्याबरोबर जातो आणि वायर ताणली जात नाही. असा छोटा पत्रा मिळतो. मोठ्या सायकल दुकानात विचारावं.

आता तीन गोष्टी, ज्या आवाजाच्या नाहीत पण ब्रेक उघडलाच आहे तर बघून घ्याव्यात अशा. पहिली जोडतारेची. मुख्य वायर तुटली किंवा नटातून निसटली, तर जोडतार टायरवर पडते. टायर खडबडीत नक्षीचं असेल तर ते तार पकडतं, पुढचं चाक एका क्षणात जाम होतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. पुढे मडगार्ड असेल किंवा रिफ्लेक्टरची पट्टी असेल तर तार तिच्यावर अडते. ती पट्टी शोभेची नाही, काढून टाकू नका. आणि वायरचा एखादा जरी धागा तुटून उभा राहिलेला दिसला तरी वायर बदला.

दुसरी रिमची. या ब्रेकमध्ये रिम हाच ब्रेकचा अर्धा भाग असतो आणि तोही झिजतो. रिमच्या कडेवर पट्टी उभी टेकवा. मध्ये खोलगट फट दिसू लागली असेल तर कड पातळ झाली आहे. अशी रिम हवेच्या दाबानं फाटू शकते. ती बदलायलाच हवी.

तिसरी लिव्हरची. व्ही ब्रेकची लिव्हर वायर जास्त ओढते, कँटिलिव्हरची कमी. एकाची लिव्हर दुसऱ्याला लावली तर ब्रेक एक तर पुरेसा लागत नाही, किंवा लागला तरी त्यात जोर राहत नाही. दिसायला दोन्ही सारख्या दिसतात, म्हणून विकत घेताना विचारून घ्यावं.

एवढं सगळं केल्यावर ब्रेक कायमचा गप्प बसेल का? नाही. पावसाळ्याच्या सकाळी ओल्या रिमवर पहिल्या काही फेऱ्यांत तो थोडा ओरडेल, पाणी पुसलं गेलं की थांबेल. नवे रबर रिमशी जुळेपर्यंत काही दिवस कुरकुर करतील. एवढ्यासाठी पाना हातात घ्यायचं कारण नाही. कवितेत काय किंवा माणसांत काय, प्रत्येक खरखर काढून टाकायच्या मागे लागलं की शेवटी हातात गुळगुळीतपणा उरतो आणि पकड सुटते, असा माझा अनुभव आहे.

म्हणून दुरुस्ती झाली की कानाला विचारू नका, चाकाला विचारा. सपाट, मोकळ्या रस्त्यावर चालण्याच्या वेगानं सायकल ढकलत न्या आणि पुढचा ब्रेक दाबा. चाक जागच्या जागी थांबलं पाहिजे आणि सायकलचं मागचं चाक उचलल्यासारखं व्हायला हवं. मग बसून सावकाश चालवा, पुन्हा दाबा. मग थोड्या वेगानं. या परीक्षेत उतरल्याशिवाय ब्रेक दुरुस्त झाला असं म्हणायचं नाही, मग तो कितीही शांत असो. आणि घरात कुणी लहानगं सायकल चालवत असेल तर ही परीक्षा दर रविवारी त्याच्याकडून करून घ्या. पाच मिनिटं लागतात. त्याला वाक्यही पाठ करायला लावा: फिरतं तिथे तेल, धरतं तिथे फडकं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)